अपोलो काळातील अनोळखी मार्गदर्शन-यंत्र हाती आल्यास त्याची ओळख कशी पटवावी

सरप्लस मालाच्या लिलावात, भंगाराच्या वखारीत किंवा एखाद्या निवृत्त अभियंत्याच्या गॅरेजमध्ये अधूनमधून अशी एक वस्तू निघते, जिच्याबद्दल विकणाऱ्याला ‘ही नासाची आहे’ यापलीकडे काहीही सांगता येत नाही. धातूचे एक जड खोके असते, त्याच्या एका अंगाला शेकडो बारीक पिना असतात, वर अर्धवट पुसलेला क्रमांक असतो, आणि आत काय आहे हे पिवळट राळेमुळे दिसत नाही. अशी वस्तू हातात आली की पहिला प्रश्न बहुतेक सगळ्यांच्या तोंडी एकच येतो : हे चंद्रावर जाऊन आले आहे का? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. तो आधी विचारला की पुढची सगळी तपासणी हव्या त्या उत्तराकडे झुकत जाते. वस्तू कोणत्या घराण्यातली आहे, त्या यंत्रात तिची जागा कोणती होती, ही त्या भागाची कितवी आणि कोणत्या कामाची प्रत आहे, आणि मग तिचा इतिहास काय, या क्रमाने गेले तर चुका कमी होतात.

पुढील विवेचन मुख्यतः १९६० ते १९७५ या काळातील अमेरिकी समानव यानांच्या मार्गदर्शन प्रणालींबद्दल, म्हणजे यान कुठे आहे आणि कुठे वळवायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणांबद्दल आहे, कारण बाजारात येणाऱ्या वस्तू बहुधा याच काळातल्या असतात आणि त्यांची कागदपत्रेही सर्वाधिक प्रमाणात खुली झालेली आहेत.

आधी हात आवरावा

वस्तूला वीज देऊ नये. ‘२८ व्होल्ट लावून तर पाहू’ हा मोह अनुभवी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही होतो, आणि तोच सर्वांत महाग पडतो. साठ वर्षांपूर्वीचे कपॅसिटर आतून शॉर्ट झालेले असू शकतात हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण स्मृतीचे आहे. अपोलो मार्गदर्शन संगणकाच्या दुसऱ्या आवृत्तीत २,०४८ शब्दांची पुसता येणारी स्मृती होती आणि ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. अशा कड्यांमधील चुंबकत्व वीज गेल्यावरही टिकते, त्यामुळे यंत्र शेवटचे बंद झाले त्या क्षणीचे आकडे आजही त्यात असू शकतात. या स्मृतीचे वाचन मात्र विनाशक असते : वाचताना कडीतील मजकूर पुसला जातो आणि यंत्राला तो लगेच परत लिहावा लागतो. अर्धवट बिघडलेल्या यंत्राला वीज दिली तर वाचन होईल, पुनर्लेखन होणार नाही, आणि जे पन्नास वर्षे टिकले ते एका क्षणात जाईल.

वस्तू पुसूही नये. खोक्यावर शाईने किंवा रंगाने उमटवलेले तपासनिसांचे छोटे गोल शिक्के, हाताने लिहिलेला बदल-क्रमांक, पेचांच्या डोक्यांवर लावलेला रंगाचा ठिपका, हे सगळे स्पिरिटच्या एका बोळ्याने निघून जाते. भांडी घासल्यासारखे चकचकीत केलेले खोके छायाचित्रात छान दिसते. ओळख पटवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याची साक्ष बुडालेली असते.

आरोग्याच्या दृष्टीनेही हातमोजे घालावेत. अपोलोच्या जडत्वीय मापन एककातील (यानाचा रोख आणि वेगातील बदल मोजणाऱ्या भागातील) मधला स्थिर भाग बेरिलियमचा होता. बेरिलियम अखंड असताना त्रास देत नाही, पण कानस किंवा पॉलिश पेपर लावल्यास त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. त्या काळातील कनेक्टरांवर बहुधा कॅडमियमचा मुलामा असे. त्यावर पांढरी भुकटी आली असेल तर ती फुंकरीने उडवू नये. क्षेपणास्त्रे आणि विमानांच्या काही सांगाड्यांत थोरियम मिसळलेले मॅग्नेशियम वापरले जात असे, त्यामुळे शक्य असेल तर साध्या गायगर मापकाने एकदा तपासून घ्यावे.

यानंतर छायाचित्रे काढावीत. सहाही बाजू, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात. मग खोली अंधारी करून एक छोटी टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी आणि हळूहळू फिरवावी. समोरून पाहताना कोऱ्या वाटणाऱ्या पट्टीवर ठशाने उमटवलेल्या अंकांच्या कडा अशा तिरप्या प्रकाशात सावली टाकू लागतात, आणि ‘३’ वाटणारा अंक ‘८’ असल्याचे कळते. एका अंकाच्या फरकाने वस्तूचे घराणे बदलते, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये. टॉर्चच्या चार दिशा धरून चार वेगवेगळी छायाचित्रे काढावीत.

नामपट्टी : काय वाचावे आणि कशावर किती विश्वास ठेवावा

नामपट्टीवर साधारणपणे चार-पाच प्रकारचे आकडे असतात आणि नवखा माणूस त्यांची सरमिसळ करतो. भाग-क्रमांक म्हणजे तो भाग ज्या अभियांत्रिकी नकाशावरून (ड्रॉइंगवरून) बनला, त्या नकाशाचा क्रमांक. त्या नकाशाप्रमाणे बनलेल्या सर्व प्रतींवर तो सारखाच असतो. अनुक्रमांक त्या एका प्रतीचा असतो. अपोलोच्या मार्गदर्शन व दिक्चालन प्रणालीतील नकाशा-क्रमांक सात अंकी असत आणि ते बहुधा १० किंवा २० या अंकांनी सुरू होत; त्यापुढे आडवी रेघ आणि दोन-तीन अंक असतील तर ते त्या भागाची उपआवृत्ती दाखवतात. हे शेपूट टिपून घेण्यास विसरू नये, कारण मूळ क्रमांक सारखा असूनही शेपटावरून जमिनीवरची प्रत आणि उड्डाणाची प्रत वेगळी निघू शकते.

त्याहून जास्त बोलका असतो तो कंत्राट-क्रमांक. नासाच्या कंत्राटांची सुरुवात ‘एन-ए-एस’ या अक्षरांनी होई आणि त्यांना लागून येणारा अंक कंत्राट देणारे केंद्र सांगे. ९ म्हणजे ह्यूस्टनचे समानव यान केंद्र, ८ म्हणजे हंट्सव्हिलचे मार्शल केंद्र, ५ म्हणजे गोडार्ड आणि ७ म्हणजे कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. म्हणजे पट्टीवर ‘एन-ए-एस ८’ दिसले तर वस्तू बहुधा अपोलो यानाला वर नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाच्या बाजूची. ‘९’ दिसले तर यानाच्या बाजूची. आणखी पुढे जायचे तर ९-१५० हे नॉर्थ अमेरिकनचे आदेशयानाचे (अंतराळवीरांना पृथ्वीवर परत आणणाऱ्या यानाचे) कंत्राट, ९-११०० हे ग्रमनचे चांद्रयानाचे (चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे), ९-४९७ हे मार्गदर्शन प्रणालीसाठी एसी स्पार्क प्लगशी झालेले, आणि ९-१७० हे मॅकडॉनलचे अपोलोआधीच्या जेमिनी यानाचे. पट्टीवरील कंत्राट ‘ए-एफ’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर वस्तू हवाई दलाची आहे आणि ‘अपोलो’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा.

कंपन्यांची नावेही तारीख सांगतात. मिलवॉकीतील जनरल मोटर्सचा विभाग १९६५ पर्यंत एसी स्पार्क प्लग म्हणून ओळखला जाई, मग तो एसी इलेक्ट्रॉनिक्स झाला आणि १९७० मध्ये डेल्को इलेक्ट्रॉनिक्समध्ये विलीन झाला. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन १९६७ मध्ये नॉर्थ अमेरिकन रॉकवेल झाली. त्याच वर्षी मॅकडॉनल आणि डग्लस एकत्र आल्या. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीची इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरी १९७० मध्ये ड्रेपर लॅबोरेटरी झाली, आणि ह्यूस्टनच्या केंद्राला १९७३ मध्ये जॉन्सन यांचे नाव मिळाले. म्हणून ‘जॉन्सन स्पेस सेंटर’ अशी मालमत्ता-पट्टी असलेली वस्तू अपोलो ११ ची नाही असे लगेच ठरत नाही, कारण ती पट्टी नंतरही चिकटवली गेली असू शकते. पण मूळ उत्पादकाच्या ठशातच ‘डेल्को इलेक्ट्रॉनिक्स’ असेल तर ती वस्तू १९७० च्या आधीची नाही.

सरकारी साठा-क्रमांकाचे गणित यापेक्षाही सोपे आहे. १९७४ पर्यंत तो अकरा अंकी होता, चार-तीन-चार अशा गटांत. त्यानंतर मध्ये दोन अंक वाढवून तो तेरा अंकी झाला. अमेरिकेच्या जुन्या वस्तूंना ‘००’ मिळाले आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्यांना ‘०१’. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात : १८२० म्हणजे अंतराळयानाचे भाग, १४२० म्हणजे क्षेपणास्त्राचे भाग, ६६०५ म्हणजे दिक्चालनाची उपकरणे, आणि ६६१५ म्हणजे विमानातील स्वयंचलित चालक व जायरोचे (दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चाकाचे) भाग. मला एकदा ‘अपोलोचा जायरो-संच’ म्हणून एका खोक्याची छायाचित्रे आली होती. खोके सुबक होते, पट्टी डेल्कोची होती आणि मालक आधीच विम्याची चौकशी करू लागला होता. साठा-क्रमांक ६६०५ ने सुरू होत होता आणि मधले दोन अंक ‘०१’ होते. म्हणजे ती वस्तू शेवटचे अपोलो यान उडण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर नोंदली गेलेली, विमानासाठीची होती. मालकाला हे पटवायला मला क्रमांक ओळखण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पट्टी नंतर बदलली जाऊ शकते, म्हणून तिची साक्ष आतल्या सुट्या भागांशी ताडून पाहावी. ट्रान्झिस्टर आणि चिपांवर बहुधा चार अंकी तारीख-संकेत असतो : पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ‘६७२४’ म्हणजे १९६७ चा चोविसावा आठवडा. झाकण न उघडता जितके संकेत दिसतील तितके टिपावेत आणि त्यांतला सर्वांत उशिराचा कोणता ते पाहावे. वस्तू त्याच्या आधी जुळवली गेलेली नाही. एखादाच संकेत बाकीच्यांपेक्षा तीन-चार वर्षे पुढचा असेल तर दुरुस्ती झाली असल्याचे समजावे.

पट्टी नसेल तेव्हा : बांधणी हीच पट्टी

पुष्कळदा हाती येतो तो एखादा सुटा मॉड्यूल, आणि त्यावर फारसे काहीच नसते. अशा वेळी वस्तू कशी बांधली आहे हे पाहावे. पट्टीवर खोटे लिहिता येते, पण अख्खी बांधणी नक्कल करणे भल्याभल्यांना जमत नाही.

अपोलो मार्गदर्शन संगणक एमआयटीच्या प्रयोगशाळेने आखला आणि रेथिऑन कंपनीने बनवला. संपूर्ण यंत्र सुमारे ६१ सेंटिमीटर लांब, ३२ रुंद, १७ जाड आणि सुमारे ३२ किलो वजनाचे. ते दोन तबकांचे असते : ‘अ’ तबकात तर्कमंडलांचे चोवीस मॉड्यूल आणि इतर जोडणीचे मॉड्यूल, ‘ब’ तबकात स्मृती व तिची चालक मंडले. सगळी तर्कमंडले एकाच प्रकारच्या चिपेवर उभी आहेत, ती म्हणजे तीन प्रवेशांचे नॉर द्वार (सगळे प्रवेश शून्य असतील तरच ‘एक’ देणारे साधे मंडल). पहिल्या आवृत्तीत प्रत्येक चिपेत एकच द्वार असे आणि ती छोट्या गोल धातूच्या डबीत असे. यंत्रात अशा सुमारे ४,१०० डब्या. दुसऱ्या आवृत्तीत एका चपट्या चिपेत दोन द्वारे आली आणि संख्या सुमारे २,८०० वर उतरली. त्यामुळे गोल डब्यांच्या रांगा दिसल्या तर पहिली आवृत्ती आणि चपट्या, दोन्ही बाजूंना फितीसारखे पाय असलेल्या चिपांच्या रांगा दिसल्या तर दुसरी, एवढा निर्णय उघड्या डोळ्यांनीही होतो. समानव अपोलो उड्डाणे सगळी दुसऱ्या आवृत्तीवर झाली. पहिली आवृत्ती फक्त मानवरहित उड्डाणांत गेली.

संगणकाच्या उरलेल्या मॉड्यूलांमध्ये सुटे भाग उभे करून एकमेकांना चिकटून लावलेले असतात, लाकडाची मोळी बांधावी तसे, आणि त्यांच्या टोकांना पट्टीसारख्या तारा डाख न देता वेल्डिंगने जोडलेल्या असतात. तबकाच्या पाठीमागे चौकोनी खुंट्यांना तार घट्ट गुंडाळून केलेले हजारो जोड असतात. मोळी, वेल्डिंग आणि गुंडाळलेली तार ही तिन्ही एकत्र दिसणे ही भक्कम खूण आहे, पण निर्णायक नाही, कारण त्या काळातील क्षेपणास्त्रांतही हीच तंत्रे वापरात होती.

निर्णायक खूण हवी असेल तर ती दोरी-स्मृतीत आहे. कार्यक्रम कायमचा साठवण्यासाठी अपोलो संगणकात सहा मॉड्यूल बसत. प्रत्येकात ५१२ चुंबकीय कड्या, आणि त्यांतून किंवा त्यांच्या बाजूने जाणाऱ्या १९२ वाचन-तारा. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एका कडीवर सोळा बिटांचे बारा शब्द साठत, म्हणून एका मॉड्यूलमध्ये ६,१४४ शब्द आणि सहांत मिळून ३६,८६४. रेथिऑनच्या वॉल्थम येथील कारखान्यात महिला कामगार पोकळ सुईतून तार ओवून हे विणकाम करत. कोणत्या कडीतून ओवायचे ते यंत्र दाखवी. राळेत ओतलेले मॉड्यूल बाहेरून लांबट, चपटे आणि अगदी निरुपद्रवी दिसते. त्याच्या एका टोकाला पिनांच्या दाट रांगा असतात. एक्स-रे काढल्यास मात्र कड्यांच्या ओळी आणि त्यांतून वळसे घेणारे तारांचे जुडगे स्पष्ट दिसते, आणि पैठणीच्या मागावरची उभार पाहिलेल्या माणसाला ते अनोळखी वाटत नाही. अशा मॉड्यूलचा भाग-क्रमांक केवळ जागा सांगत नाही, तर आत विणलेला कार्यक्रमही सांगतो : अपोलो ११ च्या आदेशयानात ‘कोमांचे’ मालिकेची पंचावन्नावी आवृत्ती होती आणि चांद्रयानात ‘ल्युमिनरी’ची नव्याण्णवावी. या स्मृतीचे वाचन विनाशक नाही, त्यामुळे जाणकारांनी योग्य उपकरणे लावून अशा मॉड्यूलांतून हरवलेले कार्यक्रम परत मिळवलेले आहेत.

याउलट, सॅटर्न अग्निबाणाचा संगणक आयबीएमने न्यूयॉर्क राज्यातील ओवेगो येथे बनवला आणि त्याची बांधणी अगदी निराळी आहे. त्यात चपट्या चिपा नाहीत. सुमारे साडेसात मिलिमीटर बाजूचे चौकोनी सिरॅमिक तुकडे आहेत, आणि ते बहुस्तरी पट्टांवर बसवून दोन पट्ट पाठीला पाठ लावून एका हलक्या चौकटीवर चिकटवलेले आहेत. ही चौकट मॅग्नेशियम-लिथियमची आहे. हातात घेतल्यावर तिचे वजन फसवल्यासारखे कमी लागते. इथेच कानस लावून ‘धातू कोणता’ ते पाहण्याचा मोह आवरावा, कारण या मिश्रधातूचा कीस पेट घेऊ शकतो. संगणकाचे तर्कमंडल सात विभागांत वाटलेले होते आणि प्रत्येक विभागाच्या तीन प्रती शेजारी चालून बहुमताने उत्तर ठरत असे. म्हणून एकसारखे तीन पट्ट एकाच ठिकाणाहून निघाले तर आश्चर्य मानू नये. त्याचा शब्द २६ बिटांचा आणि वर चूक पकडण्यासाठी समतेचे दोन बिट, म्हणून स्मृतीच्या जाळीत १४ किंवा २८ च्या पटींतील रचना दिसते.

जेमिनीचा संगणकही ओवेगोचाच, वजन सुमारे २७ किलो, पण त्यात एकात्मिक मंडले नाहीत. सगळे सुटे ट्रान्झिस्टर, डायोड आणि रोधक आहेत. चिप दिसली तर तो जेमिनीचा नाही, इतका हा नियम सरळ आहे.

जायरो आणि प्रवेगमापकांच्या बाबतीत व्हर्नियर कॅलिपरच सगळे सांगतो. एमआयटीच्या प्रयोगशाळेच्या नामकरणात आकडा हा व्यासाचा होता, इंचाच्या दहाव्या भागांत. अपोलोतील जायरो ‘२५ इरिग’ म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर, प्रवेगमापक ‘१६ पिप’ म्हणजे १.६ इंच, सुमारे ४०.६ मिलिमीटर. दंडगोलाचा व्यास यापैकी एकाशी जुळत नसेल तर बाकीचा तपास वेगळ्या दिशेने न्यावा. मोजमाप मिलिमीटरमध्ये घेऊन ते इंचात रूपांतरित करावे, कारण नकाशे इंचांतले आहेत आणि नीटनेटका इंची आकडा आला की आपण बरोबर वस्तू मोजली याची खात्री होते.

पेचांचे आटे इंची नसून मेट्रिक निघाले आणि अक्षरे सिरिलिक असली तर वस्तू सोव्हिएत आहे. तिथली सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे ‘ग्लोबस’, दातेरी चाकांवर फिरणारा छोटा पृथ्वीगोल असलेले यांत्रिक उपकरण, जे व्होस्तोकपासून सोयुझपर्यंत निरनिराळ्या आवृत्त्यांत वापरले गेले. त्याची ओळख पटवायला मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

तीन नेहमीचे फसवे पाहुणे

पहिला, मिनिटमन क्षेपणास्त्राचा डी-१७बी संगणक. तो ऑटोनेटिक्सने बनवला. त्यात १,५२१ ट्रान्झिस्टर, ६,२८२ डायोड आणि मिनिटाला ६,००० फेरे घेणारी चुंबकीय तबकडी होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही क्षेपणास्त्रे निवृत्त झाल्यावर असे बरेच संगणक विद्यापीठांना देण्यात आले, आणि तिथून ते ‘अंतराळयानाचा संगणक’ हे बिरुद घेऊन बाजारात आले. फिरती तबकडी दिसली की अपोलो आणि जेमिनी दोन्ही बाद. दुसरा, आयबीएमचा एपी-१०१ : स्पेस शटलमध्ये तो होता हे खरे, पण त्याच कुळातला संगणक बी-५२ बॉम्बफेकी विमानांतही होता, म्हणून इथे भाग-क्रमांकाशिवाय एक पाऊलही टाकू नये. तिसरा, डेल्कोचे कॅरूझेल, बोइंग ७४७ मधील जडत्वीय दिक्चालन यंत्र. अपोलोचे काम करणाऱ्या कारखान्याच्या वारशातूनच ते आले, त्यामुळे विक्रेत्याचे वाक्य अर्धसत्य असते, आणि अर्धसत्य खोडून काढणे नेहमीच जड जाते.

आता शेवटचा प्रश्न : उडाले होते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी साधा विचार करावा : हा भाग ज्या वाहनात होता ते परत आले का? सॅटर्न ५ चा संगणक तिसऱ्या टप्प्याच्या माथ्यावरील उपकरणांच्या गोल कड्यात असे. चंद्रमोहिमांत ते कडे त्या टप्प्यासोबतच गेले. काही सूर्याभोवती फिरत राहिले आणि अपोलो १३ पासूनची चंद्रावर आदळवली गेली. म्हणजे चंद्रमोहिमेत ‘उडालेला’ सॅटर्न ५ चा संगणक पृथ्वीवर असूच शकत नाही. चांद्रयानांचेही तेच : त्यांतली काही चंद्रावर आदळली, काही वातावरणात जळाली, अपोलो १० चे सूर्यकक्षेत गेले. चांद्रयानातील संगणक, त्याचा कळफलक, आणीबाणीसाठीची टीआरडब्ल्यूची दुसरी मार्गदर्शन प्रणाली, यांपैकी काहीही ‘चंद्रावरून आलेले’ म्हणून विकायला निघाले असेल, तर अंतराळवीराने ते स्वतः सुटे करून आदेशयानात आणल्याचा लेखी पुरावा मागावा. जेमिनीचा संगणक मात्र परत येणाऱ्या भागातच होता, आणि आदेशयानातील यंत्रणाही परतली. तिथे दावा निदान शक्य कोटीतला आहे.

शक्य कोटीतल्या दाव्यालाही उलट खुणा असतात. उड्डाणासाठीच्या मॉड्यूलांत राळ ओतलेली असे. जमिनीवर चाचणीसाठी ठेवलेल्या काही प्रतींत तर्कमंडले उघडीच ठेवली गेली, कारण तपासणी करणे सोपे जाई. ‘उड्डाणासाठी नाही’ किंवा ‘केवळ प्रशिक्षणासाठी’ असे लाल शिक्के पुष्कळ भागांवर मारलेले असत आणि विकणारे ते खरवडून काढतात. तिरप्या टॉर्चखाली खरवडीची चौकोनी जागा दिसतेच.

जमिनीवरची प्रत म्हणजे दुय्यम वस्तू, असे मात्र समजू नये. सत्तरच्या दशकात ह्यूस्टनमध्ये भंगाराच्या ढिगासोबत विकला गेलेला एक अपोलो संगणक पुढे कागदपत्रांशी जुळवला गेला, तेव्हा तो चांद्रयानाच्या ‘एलटीए-८’ या चाचणी-प्रतीतला निघाला. या प्रतीची १९६८ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात माणसे आत बसवून परीक्षा झाली होती. तो संगणक कधीच उडाला नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याचे मॉड्यूल मोजमापासाठी खुले राहिले होते. २०१८-१९ मध्ये काही अभियंत्यांनी एकेक मॉड्यूल वेगळे तपासून, बिघाड हुडकून, तो पुन्हा चालवला. उडालेल्या आणि राळेने बुजलेल्या प्रतीवर हे काम इतक्या सहजतेने झाले नसते.

कागदांशी गाठ

वस्तू आणि नकाशा जुळवणे हे खरे काम आहे आणि त्याला कित्येक संध्याकाळी लागतात. अपोलो मार्गदर्शन प्रणालीचे हजारो नकाशे स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर उपलब्ध आहेत, आणि ‘व्हर्च्युअल एजीसी’ (एजीसी म्हणजे अपोलो मार्गदर्शन संगणक) या प्रकल्पाने त्यांची सूची भाग-क्रमांकाप्रमाणे लावलेली आहे. नासाच्या तांत्रिक अहवालांचे भांडारही खुले आहे. मूळ नोंदी हव्या असतील तर ह्यूस्टन केंद्राच्या फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फोर्ट वर्थ शाखेत आणि मार्शल केंद्राच्या अटलांटा शाखेत आहेत. सॅटर्नसाठी हंट्सव्हिलमधील अलाबामा विद्यापीठाचा संग्रहही उपयोगी पडतो. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला एक दिवस फोर्ट वर्थला पाठवता आले, तर महिनाभराचा ईमेल-व्यवहार वाचतो.

नकाशा सापडला की फक्त क्रमांक जुळतो का एवढे पाहून थांबू नये. पिनांची संख्या, पेचांच्या छिद्रांमधील अंतर आणि कनेक्टरावरील चुकीच्या जागी बसू नये म्हणून ठेवलेल्या खाचेची जागा, या तीन गोष्टी मोजून पाहाव्यात. तिन्ही जुळल्या तर ओळख पक्की. दोन जुळल्या आणि तिसरी नाही, तर बहुधा आपण शेजारच्या आवृत्तीचा नकाशा उघडला आहे.

मालकी आणि आयात

विकत घेण्याआधी वस्तू सरकारी साठ्यातून कायदेशीर बाहेर पडल्याचा कागद आहे का ते विचारावे. अंतराळवीरांना स्मृतिचिन्ह म्हणून मिळालेल्या मर्क्युरी ते अपोलो-सोयुझ काळातील वस्तूंवर त्यांचा पूर्ण हक्क असल्याचा कायदा अमेरिकेने २०१२ मध्ये केला, पण तो अंतराळवीरांपुरता आहे आणि चंद्रावरील खडक-माती त्यातून वगळलेली आहे. कागदाचे मोल किती, हे अपोलो ११ च्या नमुने ठेवण्याच्या पिशवीवरून कळते : २०१५ मध्ये सरकारी लिलावात ती ९९५ डॉलरला विकली गेली, तपासणीसाठी पाठवल्यावर नासाने ती परत देण्यास नकार दिला, न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला, आणि २०१७ मध्ये तीच पिशवी अठरा लाख डॉलरला गेली. सरकारी लिलावात रीतसर खरेदी झालेली होती म्हणून हे शक्य झाले.

भारतात मागवायचे असेल तर जडत्वीय मार्गदर्शनाचे भाग अमेरिकेच्या ‘आयटार’ या शस्त्रनिर्यात नियमांत येऊ शकतात, वस्तू साठ वर्षांची असली तरीही. परवाना लागतो का हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ‘जुने शोभेचे सामान’ असे लिहून पार्सल पाठवणाऱ्याशी व्यवहार करू नये. वस्तू पोहोचल्यावर ती मुंबईत किंवा कोकणात ठेवायची असेल, तर मॅग्नेशियमच्या चौकटीला पावसाळी दमट हवा फार लवकर लागते. घट्ट बंद होणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतेचा छोटा मापक ठेवावा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला पुड्या बदलाव्यात, आणि आतापर्यंतच्या छायाचित्रांची, मापांची व जुळलेल्या-न जुळलेल्या क्रमांकांची एक छापील प्रत त्याच डब्याच्या झाकणाला आतून लावावी.